बसूंचा हत्ती आणि भारांकांचा विवेक

१

संख्याशास्त्राच्या वाङ्मयात कथेला सहसा स्थान नसते. जी एखादी कथा टिकून राहिली आहे, तिच्यामागे युक्तिवादाचे बळ असते. आणि पुष्कळदा असे होते की कथा तेवढी लक्षात राहते व युक्तिवाद विसरला जातो. देवव्रत बसू यांनी १९७० साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या परिसंवादात नमुना-पाहणीच्या तार्किक अधिष्ठानावर जो निबंध वाचला, व जो १९७१ साली गोडांबे आणि स्प्रॉट यांनी संपादित केलेल्या ग्रंथात प्रसिद्ध झाला, त्यातील सर्कशीच्या हत्तींच्या कथेची आज हीच गत झाली आहे. वर्गात ती सांगितली की विद्यार्थी हसतात, आणि वर्गाबाहेर पडताना त्यांतील काहीजण 'पाहणीतील भारांक हे थोतांड आहे' असा निष्कर्ष बरोबर घेऊन जातात.

गेल्या काही वर्षांत पदव्युत्तर प्रबंध वाचताना दोन प्रकारचे लेखक आढळून येतात. पहिला प्रकार, सामग्रीबरोबर भारांकांचा रकाना आलेला आहे एवढ्याच कारणाने प्रत्येक सरासरीला व प्रत्येक समाश्रयणाला तो लावणाऱ्यांचा. दुसरा, 'निष्कर्ष प्रतिमानातून निघतो, निवडीच्या संभाव्यतेतून नव्हे' असे सांगून आणि बसूंचा हवाला देऊन भारांक सरसकट टाकून देणाऱ्यांचा. दोघांच्याही निर्णयामागे विचार नसतो; एकाच्या मागे सवय असते, दुसऱ्याच्या मागे कथा. म्हणून ती कथाच पुन्हा एकदा तपासून पाहावी आणि तिच्यातून नेमके काय सिद्ध होते व काय होत नाही हे ठरवावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

कथा थोडक्यात अशी. सर्कशीच्या मालकाजवळ ५० हत्ती आहेत आणि त्यांचे एकूण वजन त्याला अंदाजाने काढावयाचे आहे. तीन वर्षांपूर्वी सर्व हत्तींची वजने घेतलेली असून त्यांत 'सॅम्बो' नावाचा हत्ती मध्यम वजनाचा होता. माहुताच्या मते तो आजही तसाच आहे. तेव्हा सॅम्बोला तेवढे तोलावे आणि आलेल्या वजनाला ५० ने गुणावे, असे मालक योजतो. सर्कशीतील संख्याशास्त्रज्ञाला हे ऐकून धक्का बसतो, कारण यात यदृच्छ निवडच नाही. शेवटी तडजोड होते: सॅम्बोच्या निवडीची संभाव्यता ९९/१०० आणि उरलेल्या ४९ हत्तींपैकी प्रत्येकाची १/४९००. अपेक्षेप्रमाणे सॅम्बोच निवडला जातो. मालक ५० ने गुणू लागतो, तेव्हा शास्त्रज्ञ त्याला थांबवतो आणि हॉर्विट्झ व थॉम्पसन यांच्या १९५२ च्या रीतीप्रमाणे, म्हणजे निवडीच्या संभाव्यतेच्या व्यस्ताने, फक्त १००/९९ ने गुणावयास सांगतो. सबंध कळपाचे वजन एका हत्तीपेक्षा किंचित अधिक! आणि कळपातला सर्वांत मोठा 'जम्बो' निवडला गेला असता तर? मग त्याच्या वजनाला ४९०० ने गुणावे लागले असते. शास्त्रज्ञाची नोकरी जाते, आणि बहुधा तो संख्याशास्त्राचा अध्यापक होतो, असा मिश्किल शेरा बसूंनी शेवटी मारला आहे.

आकडे घालून पाहिले म्हणजे विनोदातील गणित स्पष्ट होते. समजा, प्रत्येक हत्ती सुमारे ४ टनांचा आहे. खरी बेरीज सुमारे २०० टन. आकलक शंभरातून नव्याण्णव वेळा ४.०४ टन सांगेल व एका वेळी १९,६०० टन. या साऱ्यांची सरासरी बरोबर २०० टन येते. आकलक पूर्णपणे अनभिनत आहे, म्हणजे पुनःपुन्हा वापरला असता सरासरीने खऱ्या मूल्यावरच येणारा आहे. आणि तरीही तो प्रत्येक वेळी हास्यास्पद उत्तर देतो. अनभिनतता हा गुण एकटा घेतला असता किती पोकळ ठरू शकतो, हे यापेक्षा परिणामकारकपणे कोणी सांगितलेले नाही. बसूंचे हे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु येथे एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. या हास्यास्पदतेला कारण काय? भारांक, की त्या भारांकांना जन्म देणारी निवड-योजना? हॉर्विट्झ–थॉम्पसन आकलक निवडीची संभाव्यता मोजावयाच्या राशीशी साधारण प्रमाणात असेल तेव्हाच चांगला चालतो. हत्तींच्या कथेत संभाव्यता व वजन यांचा काडीचाही संबंध नाही. सारख्याच वजनाच्या दोन हत्तींपैकी एकाला दुसऱ्याच्या ४,८५१ पट संभाव्यता दिलेली आहे. म्हणजे बसूंनी आकलकाला त्याच्या सर्वांत अयोग्य रणांगणावर उभे करून हरवले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याच ग्रंथात बसूंच्या निबंधावर चर्चा करताना यारोस्लाव्ह हायेक यांनी सुचविलेला मार्ग फारसा कोणी सांगत नाही. भारित बेरजेला भारांकांच्याच बेरजेने भागावे, व त्या सरासरीला समष्टीच्या आकाराने गुणावे. नमुन्यात एकच हत्ती असेल तर अंशातील भारांक व छेदातील भारांक परस्परांना छेदून टाकतात आणि उत्तर येते ५० गुणिले त्या हत्तीचे वजन, अर्थात मालकाचेच उत्तर! आज बहुतेक सर्व पाहण्यांतून जी भारित सरासरी काढली जाते ती हायेक यांच्या रूपातील असते. तेव्हा ज्या आकलकाची बसूंनी थट्टा केली तो आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातील आकलक नव्हेच. थट्टा एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा प्रकार झाला आहे.

३

कथेच्या मागे बसूंचे जे तत्त्व आहे ते मात्र एवढ्याने निकालात निघत नाही. त्यांचे म्हणणे असे की, नमुना हाती आल्यानंतर तो कोणत्या संभाव्यतेने आला याला निष्कर्षाच्या दृष्टीने महत्त्व उरत नाही. जी माहिती आहे ती निरीक्षणांत आहे. वि. प्र. गोडांबे यांनी १९५५ साली सांत समष्टीच्या बाबतीत सर्व परिस्थितींत सर्वश्रेष्ठ ठरेल असा रेषीय अनभिनत आकलक अस्तित्वात असू शकत नाही हे दाखवून या वादाची पायाभरणी आधीच केली होती. सर्वश्रेष्ठ असा एक आकलक नाही, तर मग निवड कशाच्या आधारे करावयाची? बसू उत्तर देतात: पूर्वज्ञानाच्या आधारे.

हे उत्तर मालकाला शोभते. त्याच्याजवळ प्रत्येक हत्तीचे तीन वर्षांपूर्वीचे वजन आहे, माहुताची साक्ष आहे, आणि सॅम्बो का निवडला हेही त्याला ठाऊक आहे. निवडीमागील सर्व कारणे ज्याच्या डोळ्यांसमोर आहेत त्याला निवडीची संभाव्यता अनावश्यक वाटली तर नवल नाही; कारण ती ज्या ज्ञानातून निर्माण झाली ते ज्ञानच त्याच्या प्रतिमानात उतरलेले असते. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली हीच अट नेमकेपणाने मांडली: निवड ज्या गोष्टींवर अवलंबून होती त्या सर्व हिशेबात घेतल्या असतील, तरच निवडीकडे दुर्लक्ष करता येते.

आता आपला विद्यार्थी पाहा. तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची किंवा राष्ट्रीय नमुना पाहणीची सामग्री घेऊन बसलेला आहे. कोणते गाव का निवडले, वस्तीची विभागणी कशी केली, घरांची यादी करताना कोणते गट पाडले, यांतले फारच थोडे त्याला उपलब्ध असते. उत्तरदात्यांची गुप्तता राखण्यासाठी गावांची नावेही काढून टाकलेली असतात. कळप त्याने पाहिलेला नाही, माहूत त्याला भेटलेला नाही. निवड-योजनेची जी काही खूण त्याच्यापर्यंत पोचते ती त्या एका रकान्यातील आकड्यांतून. माझ्या मते बसूंच्या कथेची मर्यादा नेमकी येथे आहे: ती मालकाच्या बाजूने सांगितलेली आहे, आणि आपण बहुधा मालक नसतो.

४

भारांकांची आवश्यकता कोठे निर्विवाद आहे, हे एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट करता येईल. २०१९–२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ७०७ जिल्ह्यांतील ६,३६,६९९ कुटुंबांच्या मुलाखती झाल्या. प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र अनुमान मिळावे हा उद्देश असल्याने लहान-मोठ्या जिल्ह्यांत नमुन्याचा आकार लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवलेला नव्हता. दर जिल्ह्यास सरासरीने ९०० कुटुंबे पडतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१. म्हणजे पुणे सिंधुदुर्गाच्या सुमारे ११.१ पट. दोन्ही जिल्ह्यांतून प्रत्येकी ९०० व्यक्ती घेतल्या असे समजा. मग सिंधुदुर्गातील एका व्यक्तीला नमुन्यात येण्याची संधी पुण्यातील व्यक्तीच्या ११ पट मिळाली.

एखादे वैशिष्ट्य पुण्यात ६० टक्के व सिंधुदुर्गात ८० टक्के लोकांत आढळते असे केवळ उदाहरणादाखल धरू. भारांकांशिवाय दोन जिल्ह्यांचे एकत्रित प्रमाण ७० टक्के येईल, भारांकांसह ६१.७ टक्के. येथे वादाला जागाच नाही. प्रश्न 'या दोन जिल्ह्यांतील एकूण लोकांपैकी किती' असा आहे, आणि ७० टक्के हे उत्तर अस्तित्वात नसलेल्या, पुण्याएवढे सिंधुदुर्ग असलेल्या, एका काल्पनिक प्रदेशाचे आहे. वर्णनात्मक राशी, म्हणजे बेरीज, सरासरी, प्रमाण, दारिद्र्याची टक्केवारी यांचे अनुमान करताना निवडीची संधी मोजावयाच्या राशीशी निगडित असेल तर भारांक टाळता येत नाहीत.

पण याची किंमतही द्यावी लागते. लेस्ली किश यांच्या परिचित सूत्राने हिशेब केला, तर या उदाहरणातील १,८०० व्यक्तींचा भारित नमुना, अचूकतेच्या दृष्टीने, सुमारे १,०६० व्यक्तींच्या साध्या यदृच्छ नमुन्याएवढाच भरतो. प्रचरण सुमारे १.७ पट होते. मोजावयाच्या राशीशी संबंध नसलेले भारांक लावले तर ही किंमत मोजूनही पदरात काही पडत नाही. हत्तीची कथा आपल्याला खरोखर शिकवते ते हेच.

५

समाश्रयणाच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो, आणि अविचाराने होणारी हानीही येथेच अधिक आहे. निवड केवळ जिल्ह्यावर अवलंबून असेल, जिल्हा प्रतिमानात समाविष्ट असेल, आणि प्रतिमान योग्य असेल, तर भारांकांशिवाय काढलेले गुणांक अनभिनत असतात व सामान्यतः अधिक अचूकही असतात. येथे भारांक लावणे म्हणजे विनाकारण माहिती वाया घालवणे होय. मात्र या विधानातील 'प्रतिमान योग्य असेल' हे शब्द किती सहज उच्चारले जातात! हॅन्सन, मॅडो आणि टेपिंग यांनी १९८३ साली दाखवून दिले की, प्रतिमानातील जो दोष नमुन्यावरून सहजी ओळखताही येणार नाही, तोदेखील मोठ्या नमुन्यात विश्वास-अंतराळे पार बिघडवू शकतो. जो भारांक टाळतो त्याने प्रतिमानाच्या सत्यतेची हमी घेतलेली असते. ती हमी त्याने उघडपणे लिहावी.

यावर भारांकांचे समर्थक म्हणतात की, प्रतिमान चुकीचे असले तरी भारांकांमुळे निदान समष्टीतील 'सरासरी परिणाम' तरी मिळतो. हा समज व्यापक आहे आणि चुकीचा आहे. सोलोन, हायडर व वूलरिज यांनी २०१५ च्या आपल्या लेखात त्यावर योग्य प्रहार केला आहे. वरच्याच दोन जिल्ह्यांवर पडताळा पाहू. आईच्या शिक्षणाच्या दर वर्षामागे एखाद्या निर्देशांकात पुण्यात २ ची व सिंधुदुर्गात ५ ची वाढ होते असे समजा; शिक्षणाचे प्रचरण पुण्यात १६ व सिंधुदुर्गात ४ आहे असेही समजा. जिल्ह्यांसाठी वेगळी पातळी ठेवून, परंतु उतार एकच मानून, समाश्रयण केले तर प्रत्येक जिल्ह्याच्या उताराला त्या जिल्ह्यातील नमुना आणि प्रचरण यांच्या गुणाकाराइतके वजन मिळते. त्यामुळे भारांकांशिवाय उतार २.६० येईल, भारांकांसह २.०७, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात काढलेली खरी सरासरी आहे २.२५. एक उत्तर सत्याच्या वर, दुसरे खाली. भारांकांनी जिल्ह्यांचे आकार सुधारले, पण प्रचरणाने पुण्याला दिलेले जास्तीचे वजन तसेच राहिले. येथे खरा उपाय भारांकांत नाही, प्रतिमानात आहे: दोन जिल्ह्यांचे उतार वेगळे काढावेत आणि मग हवी असल्यास त्यांची सरासरी घ्यावी.

म्हणूनच भारित व अभारित अशी दोन्ही उत्तरे काढून ती शेजारी ठेवणे हे निदानाचे उत्तम साधन आहे. ड्यूमुशेल आणि डंकन यांनी १९८३ साली त्यासाठी सोपी कसोटी दिली: भारांक आणि त्याचे इतर चलांशी गुणाकार समाश्रयणात घालावेत व ते एकत्रितपणे निरर्थक ठरतात का ते पाहावे. ते अर्थपूर्ण ठरले तर 'भारित उत्तर बरोबर' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. प्रतिमानात काहीतरी राहून गेले आहे एवढेच त्यातून कळते. आणि ते निरर्थक ठरले म्हणून प्रतिमान निर्दोष ठरत नाही. लहान नमुन्यात ही कसोटी दुबळी असते.

६

निवड अभ्यासाच्या फलाशीच, म्हणजे ज्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे त्या राशीशीच, निगडित असते तेव्हा मात्र समाश्रयणातही भारांक अनिवार्य होतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चविषयक फेऱ्यांतून सधन कुटुंबांचा वेगळा गट पाडून त्यांतून स्वतंत्र निवड करण्याची प्रथा आहे, कारण ती थोडी असतात व साध्या निवडीत हाती लागत नाहीत. अशा सामग्रीवर खर्च हेच फल धरून भारांकांविना समाश्रयण केले तर गुणांकच वाकडे येतात. याला एक प्रसिद्ध अपवाद आहे: रोगी आणि निरोगी वेगवेगळ्या प्रमाणात निवडून लॉजिस्टिक प्रतिमान वापरले असता केवळ स्थिरांक बदलतो, इतर गुणांक शाबूत राहतात, हे प्रेन्टिस व पाइक यांनी १९७९ साली सिद्ध केले. पण अपवाद ओळखण्यासाठीही नियम आधी माहीत असावा लागतो.

याहून हृदयस्पर्शी उदाहरण कुटुंब आरोग्य पाहणीतील घरगुती हिंसाचाराच्या प्रश्नावलीचे आहे. हे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारले जातात, अन्यथा एकीने दिलेले उत्तर दुसरीला कळून तिच्या सुरक्षिततेला धोका पोचू शकतो. परिणामी ज्या घरात एकच पात्र स्त्री आहे तिची निवड निश्चित. पण जेथे सासू, दोन जावा आणि नणंद एकत्र राहतात तेथे प्रत्येकीची संधी एक-चतुर्थांश. या प्रश्नावलीसाठी स्वतंत्र भारांक दिलेला असतो तो याच कारणाने. तो न लावता केलेला अभ्यास एकत्र कुटुंबातील सुनेचा आवाज चौपट क्षीण करून ऐकवतो. आणि हिंसाचाराचा कुटुंबरचनेशी संबंध असेल तर सारे चित्रच बिघडते. त्याच सामग्रीतील सर्वसाधारण भारांक येथे लावणे हीही चूकच. राष्ट्रीय व राज्य भारांकही वेगवेगळे असतात. कोणता कोठे लावावयाचा हे पाहणीच्या अहवालात पाहूनच ठरवले पाहिजे.

७

शेवटी भारांकांच्या मर्यादेविषयी दोन शब्द. पहिली गोष्ट, गुणकाला माणसांची खरी संख्या समजणे. दोन हजार निरीक्षणांना गुणक लावून संगणकाला ती दोन कोटी निरीक्षणे असल्याचे भासवले की मानक त्रुटी शून्यवत होते आणि प्रत्येक गुणांक 'अत्यंत अर्थपूर्ण' ठरतो. अशी कोष्टके अजूनही तपासणीला येतात, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. भारांक बिंदु-अनुमान सुधारतो. त्रुटीच्या हिशेबासाठी स्तर आणि गुच्छ यांची दखल वेगळीच घ्यावी लागते. एका गावातील वीस घरे ही वीस स्वतंत्र साक्षी नव्हेत.

दुसरी गोष्ट, भारांक निवडीचा दोष दूर करतो, मोजणीचा नाही. पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या प्रयोगांत अगदी लहान तुकडे घेतले असता कडेवरची रोपे आत धरली जातात व उत्पन्नाचा अंदाज फुगतो असे दाखवून दिले. तुकडे कितीही यदृच्छेने निवडले आणि त्यांना कितीही अचूक भारांक लावले, तरी ही सूज उतरत नाही. प्रतिसाद न देणाऱ्यांसाठी केलेली भारांकांची दुरुस्तीही, गटातील मौन पाळणारे लोक बोलणाऱ्यांसारखेच आहेत, या श्रद्धेवर उभी असते.

सारांश, 'भारांक लावावेत की नाही' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या समष्टीविषयीची कोणती राशी हवी आहे, निवड कशावर अवलंबून होती, आणि त्यांपैकी काय आपल्या प्रतिमानात उतरले आहे, ही तीन उत्तरे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असतील तर भारांकांचा निर्णय त्यांतून आपोआप निघतो. ती नसतील तर भारांक लावूनही व टाळूनही निष्कर्ष अधांतरीच राहतो. बसूंच्या कथेतील शास्त्रज्ञ सूत्र जाणत होता, पण हत्तींकडे पाहत नव्हता. म्हणून त्याची नोकरी गेली. आपल्या विद्यार्थ्यांनी कथेवरून सूत्र टाकून देण्याऐवजी हत्तींकडे पाहावयास शिकावे. बसूंनाही याहून वेगळे काही अपेक्षित असेल असे वाटत नाही.